पंखेकाकांच्या कॅसेट

माझ्या काकांना आमच्या गल्लीत सगळे पंखेकाका म्हणायचे. विजेच्या पंख्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. विमानाच्या नाकावर जे गरगर फिरतं त्याला ते पंखा म्हणत, आणि ज्याला तो नाही ते त्यांच्या लेखी विमानच नव्हतं. "जेट म्हणजे आडवं पाडलेलं धुराडं," ते म्हणायचे. "खिडक्या लावल्या म्हणून कुणी त्याला विमान म्हणतं का?"

पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ते प्रेसवर होते. डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, की धाडकन झाकण खाली. दिवसाला काही हजार झाकणं, आणि अशी एकतीस वर्षं. कानात कापसाचे बोळे, तेही काकू आठवणीने खिशात कोंबायची म्हणून.

विमानात ते आयुष्यात एकदाही बसले नाहीत. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. त्यांना विमान ऐकायचं असे. अंगणात तोंड धूत असताना वरून काही गेलं तर मान वर न करता ते कुठलं विमान ते सांगायचे. मी लहानपणी पैज लावून धावत बाहेर जायची आणि दर वेळी हरून परत यायची.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. दोघांची चैन एकच, सिनेमा. अट एवढीच की त्यात विमान पाहिजे. गोष्ट कसलीही असो. "हिरो मेला तरी चालेल, लँडिंग नीट पाहिजे," असं काकांचं मत होतं. मला सोबत न्यायचे, आणि मला लाज वाटायची, कारण काका सिनेमा बघता बघता कुजबुजायचे. प्रेसवरच्या माणसाची कुजबुज ती, पुढच्या सहा रांगांना ऐकू जायची.

"कुठलंही विमान पडलं की हे लोक तोच किंचाळण्याचा आवाज लावतात. अगं, तो एका जातीच्या बॉम्बफेक्या विमानाला मुद्दाम बसवलेला भोंगा होता, लोकांना घाबरवायला. साधं विमान असं रडत नाही."

"हळू बोला," काकू म्हणायची.

"आणि इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडत नाही. घसरत येतं. घसरगुंडीवरून पोर येतं तसं."

समुद्रात विमान कोसळलं की ते हटकून पाण्याचे थेंब बघायचे. थेंब विमानाच्या मानाने मोठे दिसले की खेळण्यातलं विमान टबात पाडलंय हे ओळखावं, हे मला त्यांनी शिकवलं. वैमानिकाच्या गळ्यातला रेशमी रुमाल ऐटीसाठी नसतो, सारखी मान वळवून मागे बघायचं तर कॉलरने मान सोलते म्हणून असतो, हेही त्यांनीच सांगितलं. एकदा डोअरकीपरने बॅटरीचा झोत तोंडावर मारून त्यांना गप्प केलं, तेव्हा मध्यंतरात त्यांनी त्यालाच गाठून रुमालाची गोष्ट ऐकवली.

गावाबाहेरच्या विमानतळावर तेव्हा दोन जुनी विमानं उरली होती. एक शिकाऊ क्लबचं टायगर मॉथ, दोन मजली पंखांचं, कापडाने मढवलेलं. "छत्रीचं आणि शिलाई मशीनचं लग्न लावलंय," काका म्हणायचे, पण प्रेमाने. दुसरं डकोटा, दोन इंजिनांचं. ते वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि यंत्रांचे सुटे भाग वाहायचं. डकोटाबद्दल बोलताना मात्र त्यांचा सूर बदलायचा. "घरातली थोरली सून आहे ती. सगळ्यांचं ओझं उचलते, तक्रार नाही, आणि कौतुक होतं धाकटीचं."

दर रविवारी सकाळी दोघं जण तारेच्या कुंपणापाशी जाऊन बसायचे. दोन घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, काकूचं विणकाम, आणि काकांचा टेपरेकॉर्डर. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून माइकवर काकूचा जुना लोकरी मोजा चढवलेला. कॅसेटवर ते बारीक अक्षरात तारीख, वारा कुठून होता आणि कुठलं विमान ते लिहायचे. अशा त्रेचाळीस कॅसेट झाल्या. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात तसं काकूचं झालं. टाके मोजता मोजता तिचेही कान तयार झाले. "आज डावं इंजिन खोकतंय," ती मान खालीच ठेवून म्हणायची, आणि काका खूश व्हायचे.

डकोटाच्या आवाजात एक गंमत असते, ती काकांनी मला कुंपणापाशीच दाखवली. दोन इंजिनं एकाच वेगाने फिरत नसतील तर आवाजाला लाट येते, फुगते, ओसरते, पुन्हा फुगते. वैमानिक वेग जुळवत आणतो तशी लाट लांबत जाते आणि शेवटी सपाट होते. आमच्या डकोटाची लाट कधीच पुरती सपाट होत नसे. काका म्हणायचे, संसारासारखंच आहे, पूर्ण जुळलं तर काय ऐकायचं?

डकोटा एके दिवशी शेवटचं उडालं आणि परत आलं नाही. दूर कुठेतरी मोडीत निघालं. त्या सकाळची कॅसेट काकांनी केली होती. त्यात दुसरं इंजिन सुरू होण्याआधी त्यांचाच आवाज होता: "आता दुसरं धरेल बघ." आणि काकूचा: "धरलं."

त्यानंतर दोनेक वर्षांनी काका टेपरेकॉर्डरवर चिडायला लागले. टेप दबली आहे, वरचे स्वर येत नाहीत, असं म्हणून दुरुस्तीवाल्याकडे तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "काका, मशीनमध्ये काही नाही हो."

कशात आहे ते कळायला डॉक्टरांकडे जावं लागलं. मीच घेऊन गेले. बंद खोलीत हेडफोन लावून त्यांना बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेतून मी बघत होते. बराच वेळ काकांचा अंगठा बटणावर नुसताच होता.

"काम काय करत होता?" डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं. काकांनी सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. राहिलेलंही हळूहळू जाईल."

घरी येताना काका फक्त एवढंच म्हणाले, "झाकणंच बसली शेवटी."

कानात यंत्र बसवलं. त्यात ताटलीचा खणखणाट आणि कागदाची सळसळ यायची. इंजिन म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं. महिनाभरात यंत्र खणात गेलं. मग बोलणंही तुटक होत गेलं. काकू पाटीवर लिहून दाखवायची. रविवारी ते अजून कुंपणाशी जायचे, एकटेच, रेकॉर्डर न घेता. टायगर मॉथ उडताना दिसायचं. "पतंग बघतोय असं वाटतं," ते मला म्हणाले. पुढे क्लबही बंद झाला आणि तेही संपलं.

या सगळ्यानंतर ती साउंडवाली आली. सिनेमात आवाज भरण्याचं काम करणारी तिशीतली बाई. युद्धकाळावरचा सिनेमा होता, त्यात डकोटा होतं, आणि दुरुस्तीवाल्याने तिला काकांचं नाव सांगितलं होतं. पुढच्या खोलीत ती सतरंजीवर मांडी घालून बसली आणि हेडफोन लावून दिवसभर कॅसेट ऐकत राहिली. काका समोर खुर्चीत. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मधूनच विचारायचे, "आत्ता धावपट्टीच्या टोकाला गेलं ना?" ती मान हलवायची. त्यांना ते कॅसेटमधली गुंडाळी किती सरकली त्यावरून कळत होतं.

डकोटाच्या शेवटच्या उड्डाणाची कॅसेट ऐकून तिने हेडफोन काढला. मग पाटीवर लिहिलं, "ही मिळेल का?"

"नेऊन परत आणा," काका म्हणाले. "मोबदला नको. ज्याचा आवाज त्यालाच लावायचा, एवढं करा. दुसऱ्या कुणाला लावायचा नाही."

"शब्द देते," ती म्हणाली, आणि ऐकू जाणार नाही हे आठवून तेच पाटीवर लिहिलं. महिन्याभरात कॅसेट परतही आली, नीट गुंडाळून.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं पहिल्याच आठवड्यात गेलो. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मधल्या रांगेत काका मध्ये, एका बाजूला काकू, एका बाजूला मी. बसताच त्यांनी पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पंजा टेकला. मला वाटलं, सवय असेल.

साधारण अर्ध्या तासाने पडद्यावर चार इंजिनांचं एक अवाढव्य विमान आलं. संगणकावर काढलेलं, मलासुद्धा कळत होतं. आणि त्याला आवाज होता आमच्या डकोटाचा. आधी खोकला, मग लाट, फुगणारी, ओसरणारी. मला खात्री नव्हती म्हणून मी काकूकडे बघितलं. तिने पदराची कड दातांत धरली होती.

खरं डकोटा शेवटाकडे आलं. कुठल्याशा संग्रहालयातलं आणलं असावं. धुक्यातून माणसं धावत येतात, चढतात, दार लागतं, आणि ते धावपट्टीवरून उचललं जातं. फार सुंदर दृश्य होतं. पण इंजिनाचा आवाज मुळी नव्हताच. नुसतं व्हायोलिन.

काकांनी काकूकडे वळून भुवया उंचावल्या. काकूने क्षणभर पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातावर हात ठेवून ठामपणे मान हलवली. हो, आपलाच आहे. काका हसले आणि पुन्हा पुढे बघायला लागले.

सुटल्यावर काकू हात धुवायला गेली. काका भिंतीला टेकून उभे होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून पिशवीतून कागद-पेन काढायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"लाट आपली होती," ते म्हणाले. पंजा उघडून मला दाखवला, जणू ती अजून तिथे होती. "त्या धटिंगणाला लावली. आणि डकोटाच्या वेळी खुर्ची थरथरलीच नाही. काय होतं, गाणं?"

मी मान हलवली.

"तिला सांगू नकोस मला कळलं म्हणून. तिने एवढ्या मनापासून मान हलवली."

काकू आली. "आवडला का हो?" तिने ओठ नीट हलवत विचारलं.

"आवाज छान घेतलाय," काका म्हणाले.

काही दिवसांनी माझ्या पत्त्यावर साउंडवालीचं पत्र आलं. दिग्दर्शकाला शेवटी संगीतच हवं होतं, आणि मोठ्या विमानाला तो आवाज शोभतो असं सगळ्यांचं मत पडलं. माझं कुणी ऐकलं नाही, मला क्षमा करा, असं तिने लिहिलं होतं. काकांनी ते वाचून मला परत दिलं आणि घरी ठेवू नकोस म्हणाले. त्यानंतर त्यांनी सिनेमा पाहिला नाही. कॅसेटचं खोकं माळ्यावर गेलं; का, ते विचारायचं राहून गेलं. दिवसभर ते खिडकीशी बसत. काकू पाटी पुढे करायची, ते वाचायचे आणि मान हलवायचे. मतं संपली होती. काकांना कशाबद्दलच मत नाही, हे बघणं फार जड जायचं. तीन वर्षांनी एका दुपारी, खिडकीशीच, ते गेले.

आवराआवर करताना आम्ही खोकं खाली काढलं. माळ्याच्या भिंतीत ओल मुरलेली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कॅसेटवर पांढरी बुरशी धरली होती. दुरुस्तीवाल्याने एक उघडून बघितली आणि मान हलवली. "चालवली तर तुकडे होतील," तो म्हणाला. म्हणजे आमच्या डकोटाचा आवाज आता जगात एकाच जागी आहे, त्या खोट्या विमानाच्या पोटात.

तो सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो. परवा मी काकूकडे गेले तेव्हा लागला होता. ते विमान येणार म्हटल्यावर तिने विणकाम खाली ठेवलं आणि डोळे मिटले. आवाज संपेपर्यंत मिटलेलेच होते. मग तिने टीव्ही बंद केला.

"त्या दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "सबंध आयुष्यात एकदाच. त्यांना कळलं नाही तेवढं एक बरं झालं. नाहीतर मला झोप लागली नसती."

मी म्हटलं, "हो काकू." आणि चहा ठेवायला आत गेले.