सोजरची जट

सोजर परटिणीच्या डोक्यावर देवी येऊन बसली, असं सगळी कसबा पेठ म्हणायची. बसली असेल. पण तिचं ओझं वाहायला पेठेतलं कुणी आलं नाही, आणि ती जट वाळवायला तर मी एकटीच होते. मी ठकू न्हावीण. बायकांना न्हाऊ घालायचं, बाळंतिणींची अंगं रगडायची, यात माझा जन्म गेला. लकडी पूल होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

सोजर गेनबा परटाची बायको. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला ताप भरला, तो महिनाभर उतरला नाही. केसांना ना तेल, ना फणी. मागच्या केसांचा गुंता झाला. मी तेव्हाच म्हटलं, तेल घेऊन दोन दिवस बसते, एकेक केस सोडवते. तिच्या सासूनं मला उंबऱ्यावरच अडवलं. म्हणाली, "हात लावू नकोस ठकूबाई, यल्लम्मा आलीय आमच्या घरात." झालं. तापातून उठलेल्या पोरीला कुणी पेज विचारली नाही, तिच्या केसांना मात्र हळदकुंकू लागलं. सासूनं जटेत एक कवडीही ओवली.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सोजर पाटावर. बायका ओटी भरायच्या, पायावर डोकं ठेवायच्या. नारळ आणि खण गेनबा आत नेऊन ठेवायचा. आणि पूजा उरकली की हीच देवी धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन मुठेवर जायची, दिवस मावळेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात. देवीला घरी बसवलं तर पेठेची धोतरं कोण आपटणार? आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

जट आणि पाणी यांचं वैर असतं. साधे केस भिजले तर घटकाभरात वाळतात. जट वरून वाळते, आत दोन-दोन दिवस ओली राहते, आणि मग कुजते. मी सोजरला सगळं शिकवलं. घाटावर जाताना जट वर गुंडाळायची आणि घट्ट फडकं बांधायचं. तरी धुणं आपटताना पाणी उडतंच. मग वर आल्यावर जट पिळायची नाही, पिळली की मुळं उपटतात. कोरड्या पंच्यात धरून मुळापासून टोकापर्यंत दाबत जायचं. तापल्या दगडावर पसरून उन्हात निजायचं. कडुनिंबाचं पाणी, वस्त्रगाळ राख, आठवड्यातून एकदा उदाची धुरी. ओल्या जटेला तेल तर चुकूनही नाही, आंबूस वास सुटतो. एवढं सगळं ती करायची. दगडावर आडवी झाली की सासू वरून हाक मारायची, "देवी निजली का गं? गाठोडं कोण आणणार?"

तिला एक मुलगी होती, हौसा, पाच वर्षांची. सोजरचा सगळा जीव तिच्यात. आणि सासूनं नेमकं तेच धरून ठेवलं होतं. जटेला लोखंड लागलं तर पहिला घाला हौसावर पडेल, असं ती येता-जाता बोलून दाखवायची.

त्या वर्षी आषाढ-श्रावणात ऊन दिसलंच नाही. जट वाळेना. श्रावण सरताना सोजर माझ्याकडे आली, म्हणाली, आत काहीतरी वळवळतंय. मी केस फाकवून बघितलं. मुळाशी सडून जखम झाली होती आणि तीत किडे पडले होते. मी आयुष्यात पुष्कळ घाण काढली, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. किडे काढले, हळद भरली. ती जखम फाल्गुन आला तरी भरली नाही. भरणार कशी, वर कुजकं छप्पर आणि रोजचं पाणी. तिची मान एका अंगाला कलली, रोज संध्याकाळी ताप येऊ लागला.

"कापून टाक," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हाही नाही म्हटलं. मीही भ्याले होते, खोटं कशाला बोलू? तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ठकूबाई, मी मेले तर हौसाची वेणी कोण घालील?" मग मी उठले आणि आमच्या ह्यांच्या धोकटीतली कात्री काढली.

जट दोन शेर तरी भरली असती. ती खाली पडली तशी सोजरनं मान वर केली, आणि मी तिची सरळ मान कित्येक महिन्यांनी बघितली. मी म्हटलं, चुलीत घाल, राख होऊ दे. ती ऐकेना. "देवीचं आहे गं, वाहत्या पाण्यातच सोडायला हवं." जट कापण्याचा धीर केला, पण रीत मोडण्याचा होईना. आणि मी शहाणी, गप्प बसले.

तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि घरी विटाळ सांगितला, म्हणजे पूजाही टळली. दुखणं चार दिवसांत निम्मं झालं. हौसाला साधी शिंकही आली नाही. पण चैत्रातली मुठा ती, ढोपराएवढं पाणी, वाहतंय कुठे? सोडलेली जट खाली जायची ती परटांच्याच दगडांत अडकली. पाचव्या दिवशी सासूनं कवडी ओळखली आणि घाटावरच सोजरचं फडकं ओढलं.

जातीचे पंच बसले. सोजरनं माझं नाव काढलं नाही. आपणच कापली म्हणाली. मी मागे उभी होते, मीही तोंड उघडलं नाही. पंचांनी ठरवलं की हिच्या हातचं धुणं घाटावर नको आणि हिची सावली लेकरावर नको. गेनबानं तिला गाढवांच्या गोठ्यात ठेवलं. मी त्याला म्हटलं, "गेनबा, बायकोच्या डोक्यात किडे पडले होते, तुला वास आला नाही का?" तो म्हणाला, "देवीला वास नसतो, ठकूबाई."

हौसा गोठ्याकडे धावली की आजी तिला दंडाला धरून ओढायची. पुढे पोरगी आईला बघून आपणच पळायला लागली. तिला तसं शिकवलं होतं. गेनबासाठी चाकणची मुलगी बघितल्याचंही कानावर आलं.

ज्येष्ठात एका दुपारी सोजर माझ्या दारात आली. डोकं स्वच्छ, जखम भरलेली, नवे केस दोन बोटं वाढलेले. हातात गंगावनाचा, परक्या केसांचा झुपका आणि द्रोणात वडाचा चीक. बैरागी याच चिकानं जटा वळतात, हे तिला मीच कधीतरी बोलले होते.

"देवी परत आली की लेक परत मिळेल," ती म्हणाली. "कर."

मी तिला शिव्या दिल्या. परत तेच भोगशील, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि पाठ करून बसली. मग मी चीक, हळद आणि राख कालवली आणि तिच्या चांगल्या केसांची एकेक बट घेऊन गंगावनात वळायला लागले. माझे डोळे वाहत होते, पण हात सवयीनं चालत होते. ती एकदाच बोलली.

"घट्ट बसव, ठकूबाई. उद्यापासून पाण्यात उभं राहायचंय."