देवाच्या नावावरचं दूध आणि आमची क्वेरी

मागं एका सोमवारी सकाळी हातकणंगल्याजवळच्या एका गावात दूध संस्थेच्या पायरीवर उभा होतो. हातात चहा, समोर किटल्या घेतलेली रांग... आणि रांगेत प्रत्येकाच्या तोंडी माझाच उद्धार.

कारण तसं होतंच. या संस्थेचं सॉफ्टवेअर आमचं. आदल्या आठवड्यात डेटाबेस अपग्रेड केला आणि तेव्हापासून पावती निघायला वेळ लागायचा. दूध काट्यावर गेलं, फॅट निघाली, बटण दाबलं... आणि प्रिंटर गप्प. मग कधीतरी टर्र.

रांग लांबली म्हणून टँकर थांबत नाही. शनिवारी मागच्या लोकांना भरल्या किटल्या घेऊन घरी जावं लागलं होतं. संस्थेचे सेक्रेटरी तात्या फोनवर अजिबात चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "साहेब, सोमवारी येऊन बघा. न्हाय जमलं तर सभासद समोरच्या खाजगी डेअरीत जातील, आणि मी घरात बसंन."

आता गंमत अशी की आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात हाच डेटा, हीच क्वेरी, म्हणजे पावतीसाठी सभासदाच्या जुन्या नोंदी शोधणारी आज्ञा, झटक्यात पळत होती. आमची प्रोग्रॅमर स्नेहल तर वैतागली होती. "सर, इंडेक्स बघितले, सगळं बघितलं. क्वेरीत काही नाही. त्या गावातच काहीतरी आहे!"

त्यात आणखी एक कोडं. गावातही त्रास फक्त सकाळी. संध्याकाळी तेच मशीन, तेच सभासद, आणि पावती झटक्यात. आम्ही सकाळच्या गर्दीला दोष दिला, व्होल्टेजला दिला, मशीनची रॅमसुद्धा वाढवली... फरक शून्य.

मी मुळात प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस. सायकलवर पेटी बांधून उद्यमनगरातल्या कारखान्यांत फिरायचो, तेव्हापासून कानावर माझा भरवसा जास्त. म्हणून त्या दिवशी स्क्रीनकडं बघायचंच नाही असं ठरवलं. पायरीवर उभा राहून नुसतं ऐकत राहिलो.

रांगेतल्या एका आक्कांनी मला ओळखलं. "काय ओ, तुमचं कंप्युटर तर आमच्या म्हशीपरास उशिरा पान्हा सोडतंय!" सगळी रांग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार...

पण कान पावत्यांकडं होता. आक्का संस्थेच्या जुन्या सभासद, त्यांच्या नावावर वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्यांच्या मागचा गडी नुकताच सभासद झालेला, त्याच्या नावावर नोंदी त्या किती! तरी दोघांच्या पावतीआधीची शांतता तेवढीच लांब. हे कसं शक्य आहे? ज्याचं काहीच शोधायचं नाही, त्यालाही तेवढाच वेळ?

मग आठवलं, सकाळी दार उघडल्यावर सगळ्यात आधी मी काय ऐकलं होतं. तात्यांचं वाक्य... "आधी देवाचं घ्या."

या गावात ग्रामदैवताच्या नावावर संस्थेत खातं आहे. यात्रेचा खर्च त्यातून निघतो. गावातलं कुणीही, कधीही त्यात थोडं दूध घालतं, त्यामुळं सगळ्यात जास्त नोंदी देवाच्या. आणि संस्था निघाल्यापासून सकाळची पहिली पावती देवाचीच. तात्या स्वतःच्या घरचं पेलाभर दूध घालून सुरुवात करतात.

"तात्या, संध्याकाळी देवाचं घेत नाही?"

"संध्याकाळी कशाला? देवाला सकाळीच की."

झालं! डोक्यात सगळं जुळलं.

नवा डेटाबेस जरा जास्तच हुशार. मशीन चालू झाल्यावर पहिली पावती ज्याची, त्याच्यासाठी शोधायचा रस्ता ठरवतो आणि पुढं सगळ्यांना त्याच रस्त्यानं नेतो. देवाच्या नोंदी इतक्या, की नोंदींचा सगळा साठा पहिल्यापासून वाचणंच सोयीचं. अख्ख्या गावाला जेवायचं आमंत्रण द्यायचं तर घरोघर फिरणं बरोबर. पण एकट्या आक्कांना बोलवायलाही हा पठ्ठ्या सगळं गाव फिरून येत होता! संध्याकाळी मशीन नव्यानं चालू व्हायचं आणि पहिली पावती साध्या सभासदाची निघायची, आमच्या ऑफिसातही तसंच, म्हणून तिथं त्रास नव्हता.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, "तात्या, मशीन बंद करून चालू करतो. पहिली पावती आक्कांची काढा."

भर रांगेत मशीन बंद करायचं म्हटल्यावर तात्यांचा चेहरा पडला. माझ्याकडं बघितलं, टँकरकडं बघितलं... आणि म्हणाले, "करा."

मशीन चालू झालं. आक्कांचा कोड टाकला. टर्र! मागच्या गड्याचा टाकला. टर्र! रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. सगळं दूध टँकरमध्ये गेलं.

गर्दी ओसरल्यावर तात्या हळूच जवळ आले. "मग उद्यापासनं देवाचं शेवटी घेऊया का?" विचारताना माझ्याकडं बघत नव्हते.

"अजिबात नाही," म्हटलं. "देव जागचा हलवायचा नाही. आमची क्वेरी हलवू." स्नेहलला फोन लावला. तिनं क्वेरीत एक ओळ वाढवली... प्रत्येकाचा रस्ता वेगळा ठरव, एवढंच सांगणारी.

मंगळवारी मी पुन्हा गेलो. तात्यांनी पेलाभर दूध घातलं. देवाच्या पावतीनं आपला नेहमीचा वेळ घेतला, आणि मग टर्र, टर्र, टर्र... टँकर आला तेव्हा रांग संपत आली होती. आक्का म्हणाल्या, "एवढ्या लवकर घरी गेले तर सुनेला वाटंल, कुणाशी तरी भांडूनच आले!"

परत येताना तात्यांचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझ्या सॉफ्टवेअरसाठी हा माणूस देवाला रांगेत मागं उभा करायला तयार झाला होता. इतका विश्वास लोक आपल्यावर टाकतात... आणि आपण ऑफिसात बसून म्हणतो, गावातच काहीतरी आहे.

आता नवं काही बसवायचं असलं की स्नेहल आधी विचारते, "सर, त्या गावात दिवस कुठून सुरू होतो?"