कपाटातल्या पाच पिशव्या

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे ‘डिरेक्टरी’ म्हणायचे. गावातले निम्मे नंबर तिला तोंडपाठ, साहेबांच्या सासुरवाडीचासुद्धा. “या बाईंशी भांडू नका रे,” साहेब म्हणायचे, “या काही विसरत नाहीत.”

निवृत्तीनंतर मात्र हिवाळा तिला खायला उठायचा. चार वाजले की उन्हं कलायची, घर काळवंडायचं आणि शाल ओढून ती खुर्चीत बसली की उठायचं नाव नसे. शेवटी धाकटी बहीण फोनवर कातावली, “ताई, कुढत काय बसतेस? घर आवर. नको ते सगळं काढून टाक, बघ कसं हलकं वाटतं ते.”

दुसऱ्या दिवशी नवरा सकाळचा फिरायला गेल्यावर तिनं पदर खोचला आणि पॅसेजमधलं कपाट उघडलं. दांडा तुटलेल्या छत्र्या, एकेकटे हातमोजे, झाकणं नसलेले डबे. ढीग वाढत गेला तसं तिला खरंच बरं वाटू लागलं. मग सगळ्यात खालच्या कप्प्यात हात घातला, तर गरम पाण्याची रबरी पिशवी निघाली. नवी कोरी, खोक्यासकट. तिच्या मागे दुसरी. मग तिसरी.

एकूण पाच. पाचही एकाच रंगाच्या.

“दुकान काढायचं होतं की काय!” ती हसली. पण हसू ओठांवरच वाळलं. एक पिशवी घेतल्याचं तिला पक्कं आठवत होतं. बाकीच्या चार कोणी आणल्या?

टाकायला काढलेल्या जुन्या कोटाचे खिसे तिनं चाचपले. चिठ्ठी निघाली: ‘पाण्याची पिशवी आणणे. गॅस बंद केला का बघणे.’ अक्षर तिचंच. लिहिल्याचं काही केल्या आठवेना.

तिला मावशी आठवली. शेवटी शेवटी पोटच्या मुलाला ‘पोस्टमन, पत्र ठेवा आणि जा’ म्हणणारी. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि भराभर नंबर म्हणू लागली. इस्पितळाचा आला. साहेबांचा आला. पण काल रात्री काय जेवलो? काल रात्री? पांढऱ्या भिंतीकडे बघावं तसं कोरं.

मग ती उठली. नवरा यायच्या आत हे सगळं दृष्टीआड करायला हवं होतं. पाचही खोकी पोत्यात कोंबून ती जिन्यावर आली, तर नवरा समोरूनच वर येत होता. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. जिनासुद्धा आरामात, गिअर बदलत चढल्यासारखा चढायचा.

“काय गं, एवढं जड काय?”

“काही नाही. भंगार.”

त्यानं पोत्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “पिशव्या ना?”

ती पायरीवरच बसली. “तुम्हाला माहीत होतं?”

“उन्हाळ्यापासून. गॅसही दोनदा मीच बंद केला.”

“मग बोलला का नाहीत? माझ्याशी, माझ्याशी नाही बोललात?”

“भ्यायलो,” तो म्हणाला आणि शेजारी बसला. “वाटलं, बोललो की खरं होईल.”

एकदा ब्रेक निकामी झालेली बसही न घाबरता थांबवणारा हा माणूस रुमालानं डोळे पुसत होता. ते पाहून तर ती जास्तच घाबरली.

दोन दिवसांनी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाल्या, “आता ते तीन शब्द सांगा बघू.” दोन सांगता आले. तिसऱ्यासाठी ती नुसती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. नवऱ्याच्या हाताचा घाम तिला आपल्या मुठीत जाणवत होता.

“रक्तात काही कमतरता असेल, मन उदास असलं तरी असं होतं,” बाई म्हणाल्या. “किंवा ही सुरुवात असेल. आज खात्रीनं सांगत नाही. रक्त तपासू, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू.”

तीन महिने! तिला वाटलं, वर्ष सांगितलं असतं तरी याहून लांब वाटलं नसतं.

घरी आल्यावर धाकटीला तिनं स्वतःच फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. “मी येते,” धाकटी म्हणाली, “शनिवारी.”

मग स्वयंपाकघरातलं कपाट तिनं आणि नवऱ्यानं मिळून उघडलं. तो एकेक वस्तू काढून वर धरायचा, ती सांगायची, ठेवा, टाका. एका चाळणीपाशी ती अडली.

“ही कधी घेतली हो आपण?”

“मलाही नाही आठवत,” तो म्हणाला. ते खरं होतं की तिच्यासाठी म्हटलं होतं, हे तिनं विचारलं नाही. “ठेवा,” ती म्हणाली.