इरा पार्कात नेण्याएवढी झाली का?

इरा रडली नाही, तिथेच मला काहीतरी गडबड वाटली.

नवरात्रात कल्याणला दुर्गाडीच्या जत्रेत गेलेलो. लहान पोरांच्या गोल फिरणाऱ्या मोटारी असतात ना, त्यात तिला बसवलं. बाकीच्या पोरांनी भोकाड पसरलेलं आणि आमची साडेतीन वर्षांची कन्या बँक मॅनेजरसारखी शांत! मूल इतकं शांत कसं? चक्कर तर नाही आली? "थांबवा! थांबवा!" मी अशी किंचाळले की त्या माणसाने खरंच मशीन बंद केलं. त्याने इराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मॅडम, बच्ची एकदम ठीक है. आप पानी पियो."

परतताना रिक्षात माझा नवरा निखिल म्हणाला, "हिला आता मोठ्या थीम पार्कात न्यायला हरकत नाही. मस्त दोन दिवस राहून येऊ."

"एवढ्या लहान वयात?"

"बरं, तुझं वय झालं की जाऊ!"

तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच विषय. इराला आत्ता न्यायचं की मोठी झाल्यावर? ट्रिप ठरायच्या आधीच ट्रिपचे इतके किस्से जमले की विचारू नका. पण तुम्ही विचारताय, म्हणून सांगते.

*

पहिली चूक म्हणजे मी हा प्रश्न लिफ्टमध्ये बोलून दाखवला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला तीन वेगवेगळी वयं मिळाली.

शेजारच्या पाटकर काकू तर आमच्या दारापर्यंत आल्या. "पाचच्या आत नेऊ नकोस हं. आम्ही मंदारला तिसऱ्या वर्षी नेलेलं. एवढे पाळणे, एवढं पाणी, एवढे फोटो! आता इंजिनिअर झालाय, पण त्याला त्यातलं फक्त पार्किंगमधलं कुत्रं आठवतं."

मी हे निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, कुत्रं चांगलं असेल."

*

पार्कात लहान मुलांनाही उंची बघून आत सोडतात, हे कळल्यावर निखिल टेप घेऊन आला. माझ्या सासूबाई आडव्या आल्या. "वाढत्या पोरीला मोजायचं नाही! नजर लागते."

आता त्यांच्यापुढे कोण बोलणार? मग निखिलने युक्ती काढली. इराला फ्रीजला टेकून उभं केलं, डोक्याच्या रेषेत आंब्याचं मॅग्नेट चिकटवलं, इराला बाजूला केलं आणि जमिनीपासून आंब्यापर्यंत मोजलं. यावर सासूबाईंचं काहीच म्हणणं नव्हतं. फ्रीजला कुठे नजर लागते!

उंची थोडी कमी भरली. "महिन्याभराने बघू," असं ठरलं. महिन्याभराने इराला परत उभं केलं, तर डोकं आंब्याच्या चार बोटं खाली!

मूल आखडलं! सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते!" मी थेट मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, मुलगी कमी झाली."

"वजनात?"

"उंचीत!"

डॉक्टर म्हणाले, "घरात आधी चौकशी करा, मग मला फोन करा."

चौकशी केली. सासूबाई देवापुढे मीठ-मोहऱ्या घेऊन इराची दृष्ट काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आंबा ना? फ्रीज पुसताना मीच वर लावला. खाली पोरीच्या हाताला येत होता."

*

मग मी म्हटलं, आधी रंगीत तालीम करू. ठाण्याच्या एका मॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. तिथे अस्वलाचा वेश घातलेला माणूस अचानक माझ्या मागून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर पंजा ठेवला. मी हातातलं सगळं पॉपकॉर्न त्याच्या अंगावर उडवलं.

इरा मात्र त्याच्या पोटाला बोट लावून म्हणाली, "काका, आत गरम होतं का?"

आतून आवाज आला, "खूप गं बाळा."

मराठी ऐकून सासूबाई पुढे सरसावल्या. "कुठले तुम्ही?"

"शहाडचा, काकू."

"अगंबाई! माझं माहेर आंबिवली, पुढचंच स्टेशन!"

पुढची पंधरा मिनिटं मुलं फोटोसाठी रांगेत आणि अस्वल सासूबाईंना आपल्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगतंय. निघताना त्या अस्वलाला म्हणाल्या, "जेवून घे रे वेळेवर."

*

शेवटी ठरलं ते इराच्या वयावरून नाहीच. सासूबाईंच्या गुडघ्यांवरून ठरलं.

त्यांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं. त्यानंतर किती फिरता येईल, त्यांना धीर किती राहील, कुणालाच माहीत नव्हतं. घरी आल्यावर सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "पोर मोठी होईल गं. माझे गुडघे थांबायचे नाहीत. तिला पहिल्यांदा पार्कातल्या पाळण्यात बसलेलं मला बघायचंय. मी आपली बाकावर बसेन."

मी त्याच संध्याकाळी बुकिंग केलं. तारीख दोनदा चुकली, पण केलं!

*

पार्कात गेल्यावर बाकावर बसले मी. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला. निखिल, इरा आणि सासूबाई लहान मुलांच्या पाळण्यांकडे गेले. "आलोच," म्हणाले.

आलेच नाहीत. मी उठून त्या पाळण्यांपाशी जाऊन आले. तिथे आमचं कुणीच नव्हतं.

निखिलला फोन लावला. माझ्याच मांडीवरची पिशवी वाजायला लागली! भिजेल म्हणून फोन त्याने माझ्याकडेच दिलेला. मग सासूबाईंना लावला. त्यांचा फोन गळ्यातल्या पाऊचमध्ये असतो, आंघोळीपुरता काय तो निघतो. रिंग पूर्ण गेली. परत लावला. परत गेली. तेवढ्यात स्पीकरवरून कुणीतरी सांगायला लागलं, "एक छोटी मुलगी सापडली आहे..." मी पिशव्या घेऊन पळतच सुटले. पुढचं ऐकू आलं, "लाल फ्रॉक." इरा पिवळ्यात होती. मी पिशव्या तिथेच खाली टाकल्या.

इराला कुठे लागलं असेल? की सासूबाईंचे गुडघे? मीच बुकिंग करून आणलं ना सगळ्यांना! वॉचमन विचारत होता, "मॅडम, क्या हुआ?" मी त्याला हातानेच थांबवलं. परत लावला.

उचलला! मागे नुसता आरडाओरडा.

"आई! कुठे आहात? इरा कुठेय?"

"अगं, ओरडतेस काय? इरा निखिलजवळ आहे, खाली कणीस खातेय. ती नाही म्हणाली, म्हणून मी एकटीच वर मोठ्या पाळण्यात बसलेय. ठेव आता, मांडीवरचा दांडा खाली घेतायत!"