राठोड बाईंची गाडी आणि माझा खोटा रिपोर्ट

काळी गाडी रॅम्पवर चढवलेली होती आणि मी तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन उभा होतो, तेवढ्यात विनोदचा फोन आला.

"गजूभाऊ, पाह्यली का गाडी?"

"पाहूनच राह्यलो. अर्धी बाकी हाय. पण आतापर्यंत तरी चांगली हाय."

मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "भाऊ, याडीले चांगली नका सांगू ना."

बंजारा घरात आईला याडी म्हणतात. विनोद राठोड पुसदला कृषी खात्यात आहे, आणि त्याची याडी म्हणजे आमच्या राठोड बाई. पाचवी ते सातवी मी त्यांच्या हाताखाली शिकलो. आर्णीतला निम्मा बाजार शिकला असेल. महागावकडच्या तांड्यातून शिकून हेडमास्तर झालेल्या त्या पहिल्याच. रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी त्या गाडी चालवायला शिकल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःची गाडी घ्यायची म्हणाल्या. त्याला कोणाचीच ना नव्हती. भांडण होतं ते कोणती घ्यायची, यावर.

आर्णीत माझं गॅरेज आहे. दुरुस्ती तर करतोच, पण अलीकडे बरंच काम जुन्या गाड्या तपासून देण्याचं असतं. सेकंडहँड घेणारा गाडी आणतो, मी दोन-तीन तास घेतो आणि घ्यावी की नाही ते सांगतो.

बाईंसमोर दोन गाड्या होत्या. एक ही काळी. परदेशी कंपनीची, लांबलचक, बारा वर्षांची. यवतमाळच्या एका बिल्डरची होती, आणि तो बिल्डरही बाईंचाच विद्यार्थी. "बाई, दोन दिवस ठेवा, चालवून पाहा," म्हणून चावी देऊन मोकळा झाला. दुसरी पांढरी, साधी, पाच वर्षांची पेट्रोल गाडी. बँकेतल्या एका साहेबांची बदली झाली म्हणून ते विकत होते. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखी. लोक फसतात ते इथेच. एवढ्याच पैशात एवढी मोठी गाडी मिळते, तर लहान कायले घ्या!

विनोदचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काळ्या गाडीचा आरसा फुटला तरी नागपूरला ऑर्डर द्यावी लागते. पांढरीचा पार्ट आर्णीच्या बसस्टँडसमोर मिळतो. बाईंच्या तांड्याचा खडबडीत रस्ता मला माहीत होता. शिवाय बाई तिथे आठवड्यातून तीनदा जाणार होत्या. शेत तिथे, म्हाताऱ्या सासूबाई तिथे, आणि पोरींसाठी सुरू केलेला अभ्यासवर्गही तिथेच.

"ती लोकाले दाखवायची गाडी हाय, भाऊ," विनोद म्हणाला. "आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकते. गिअरबॉक्स गेला म्हणून सांगा. तिले कुठं समजते?"

मी हो म्हणालो. वाटलं, बाईंचं भलंच आहे यात.

गाडी मात्र खरंच चांगली निघाली. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाच्या छातीतला दम. तो चारही सिलिंडरला सारखा होता. स्कॅनर लावला. हे एक छोटं यंत्र असतं, गाडीतल्या कॉम्प्युटरला जोडलं की तो आपली दुखणी सांगतो. त्यानेही विशेष तक्रार केली नाही. मागचा एक दरवाजा रंगवलेला होता. मोठा दोष एकच. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. त्यातली मागची डावी झिरपत होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी गाडी त्या बाजूला दोन बोटं बसायची. गिअरबॉक्स तर लोण्यासारखा.

अकरा वाजता बाई आल्या. स्कूटीवरून उतरल्या, एक हात कमरेवर ठेवून जरा थांबल्या, मग आत आल्या.

"हं, गजानन. सांग."

"बाई, बाकी ठीक हाय. पण गिअरबॉक्स जाऊन राह्यला."

"कशावरून?"

"आवाज येते."

"चालू कर. मले ऐकू दे."

मी चालू केली. गाडी इतकी शांत की बाजूच्या चक्कीचा पट्टा ऐकू येत होता. मी म्हणालो, "आता नाही येत. गरम झाल्यावर येते."

"असं." बाईंनी पर्समधून वही काढली, कोरं पान फाडलं, पेन दिला. "लिहून दे. गाडीचा नंबर टाक, दोष लिही, खाली सही कर. मी बिल्डरले दाखवते. त्यानं चांगली म्हणून सांगतलं होतं. म्हणजे तो खोटं बोलला."

मी पेन घेतला. नंबर लिहिला. 'गिअरबॉ' इथपर्यंत आलो आणि हात थांबला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःचं गॅरेज, हाताखाली चार लोक, आणि कपाळावर घाम. माझ्या खोट्यापायी दुसरा माणूस खोटारडा ठरणार होता. तो तर शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा.

"बाई, गिअरबॉक्स चांगला हाय," मी म्हणालो.

"मंग काहून सांगतलं?"

"विनोद म्हणाला."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. "त्याले वाटते मले समजत नाही," त्या म्हणाल्या. "अन् तुलेही तसंच वाटलं."

मग मी खरा रिपोर्ट सांगितला, हवेच्या पिशवीसकट. शेवटी म्हणालो, "बाई, गाडीत खोट नाही. पण तुमच्या रस्त्याले ही गाडी नाही. माझ्यावर भरोसा नका ठेवू. दोन्ही चालवून पाहा. तांड्यापर्यंत."

"तू चाल संग," त्या म्हणाल्या. "बाजूले बसजो, अन् तोंड बंद ठेवजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी काळी काढली. हायवेवर ती गाडी म्हणजे काय सांगावं! बाईंचा हात स्टिअरिंगवर हलका, खिडक्या बंद, बाहेरचा ट्रक फक्त दिसत होता, ऐकू येत नव्हता. महागावपर्यंत मी स्वतः विचार करू लागलो की ही आपणच घ्यावी काय. टपरीवर चहाला थांबलो तर चार माणसं गाडीभोवती जमली. एकजण म्हणाला, "कोण्या आमदाराची हाय?" बाई म्हणाल्या, "माही." आणि हसल्या. खूप खूश दिसत होत्या. मनात म्हटलं, विनोदचं बरोबर आहे, बाईंना भाव खायचाय. खाऊ दे. आयुष्यभर एसटीत उभ्या राहिल्या.

हायवे सोडून तांड्याच्या रस्त्याला लागलो. पहिल्या ब्रेकरवर खालून आवाज आला. गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातल्या अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. या गाडीत ते मुळात कमी, त्यात मागची पिशवी बसलेली. दुसऱ्या ब्रेकरला बाईंनी गाडी तिरपी घेतली, तरी घासली. पुढे नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पाणी वरून वाहून जाणारा बुटका पूल. त्याच्या उतारावर तर असा आवाज झाला की बाजूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं. मी ठेवलं. बाई खाली उतरल्या, वाकून पाहायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. मीच वाकून पाहिलं. प्लास्टिकचं एक कव्हर लोंबत होतं. तारेने बांधलं आणि तिथूनच परत फिरलो. तांड्यापर्यंत न्या म्हणणारा मीच, म्हणून कव्हर मी बिल्डरला माझ्या खर्चाने बसवून दिलं.

जेवून बँकेच्या साहेबांकडून पांढरी आणली. इंजिनाचा आवाज आत येत होता, दरवाजा पत्र्यासारखा वाजत होता. पण तिने ब्रेकर मोजलेसुद्धा नाहीत. रपटा ओलांडला, तांडा ओलांडला, बाईंच्या शेतापर्यंतची पांदण, म्हणजे बैलगाडीची कच्ची वाटही चढली. मला वाटलं, निकाल लागला.

परत येताना मात्र महागाव सोडल्यावर थोड्याच वेळात बाईंनी गाडी बाजूला घेतली. दार उघडलं. पाय बाहेर ठेवले आणि उठताच येईना. मी धावत पलीकडे गेलो. त्यांनी माझा खांदा धरला आणि उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"गाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "माही कंबर चांगली नाही."

मग निंबाच्या सावलीत त्यांनी सगळं सांगितलं. मणक्याची गादी सरकली होती. वर्ष झालं. यवतमाळच्या डॉक्टरने चालवायला मनाई केली नव्हती, पण सीट नीट पाहिजे म्हणून बजावलं होतं. बिल्डरकडे गेल्या असताना त्या सहज काळ्या गाडीत बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा बसल्यावर दुखलं नाही. बटण दाबलं की त्या सीटची पाठ फुगते, मांडीखालचा भाग वर येतो.

"मंग विनोदले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर त्यानं चावीच घेतली असती. म्हणाला असता, याडी, घरी बस, मी सोडून देतो. तो पुसदले, मी आर्णीले. कधी सोडन तो? माह्या पोरीइचा वर्ग बंद पडला असता." थोडं थांबून म्हणाल्या, "अन् खरं सांगू? थोडा भावही खायचा होता."

आम्ही दोघंही हसलो. मग त्या म्हणाल्या, "तू त्याले सांगू नको."

"बाई, मी आपणहून नाही सांगणार. पण त्यानं विचारलं तर खोटंही नाही बोलणार. कालच एक बोललो, अजून पचलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर बरोबर आलं की पाहायच्या, तसं.

गॅरेजवर पोहोचलो तर विनोद येऊन बसला होता. बाईंनी त्याला आधी गिअरबॉक्सबद्दल झापलं. माझ्यासमोर, माझ्या लोकांसमोर. आणि मग एका दमात कमरेचंही सांगून टाकलं. विनोदचं तोंड उतरलं.

"याडी, वर्षभर? अन् मले नाही?"

"तू गाडीचंच विचारत होता. मले कोणी विचारलं?"

मला वाटलं, आता विनोद म्हणेल गाडीच नको. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "भाऊ, सीट बदलता येते का?"

येते. पण कोणतीही नाही. ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते तिला हात लावायचा नाही, नाहीतर अपघातात ती उघडणार नाही. पांढरीच्या सीटमध्ये ती नव्हती. सीट जमिनीला जिथे बोल्ट केलेली असते ती जागा आणि बेल्टही मी हलवू देणार नव्हतो. फक्त वरची गादी बदलायची. आर्णीत रहीमभाई कुशनवाले आहेत, ट्रॅक्टरपासून सोफ्यापर्यंत सगळं शिवतात. त्यांना बोलावलं. बाईंनी डॉक्टरांचा कागद दाखवला. रहीमभाईंनी टेप काढला.

"मुलायम फोम नको, बाई," ते म्हणाले. "मुलायममध्ये माणूस धसते. कडक टाकतो. कमरेजवळ थोडा उभार देतो, मांडीखाली उंच करतो."

तीनदा बसवून पाहिलं, तीनदा उसवलं. चौथ्यांदा बाई अर्धा तास बसल्या, विनोदशी भांडत. उतरल्या तेव्हा कोणाचा खांदा धरला नाही. पांढरी गाडी त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली. विनोदची एकच अट होती, दर तासाला थांबून पाच मिनिटं चालायचं. ती त्यांनी मान्य केली. पाळतात की नाही, मला माहीत नाही.

आता दीड वर्ष झालं. बाई सर्व्हिसिंगला येतात. गाडीत खडूचा डबा, वह्यांचे गठ्ठे आणि तुरीच्या शेंगा असतात. अभ्यासवर्गातल्या दोन पोरी यंदा नर्सिंगला लागल्या.

काळी गाडी नागपूरच्या एका डॉक्टरने घेतली. सहा महिन्यांत ती गॅरेजात बसेल, असं मी छातीठोक सांगितलं होतं. अजून बसली नाही. पिशवी बदलली, सरळ रस्त्यावर पळते, मजेत आहे. म्हणजे तिथेही माझा अंदाज चुकलाच.

माझ्या तपासणीच्या फॉर्मवर पूर्वी पहिला रकाना इंजिनाचा होता. आता तो दुसरा आहे. पहिल्यात मी विचारतो, गाडी कोण चालवणार, कुठे चालवणार आणि त्याचं काय दुखतं. बरेच लोक हसतात. पण उत्तर देतात, आणि निम्म्या वेळा मला बॉनेट उघडायच्या आधीच गाडी कळते.