फादरच्या जीपमंदी

मिशनची जीप चालवता चालवता मले चौदा वर्स झाले. समोर ड्रायव्हर बसला हाय हे मानसं इसरून जातेत, अन् मांगच्या सीटवर मनातलं सारं बोलून टाकतेत. मी काई लई शिकलेला नाई, पन कान सलामत हायेत. असे किस्से साचून राहिले. काई हसाचे हायेत, काई तसे नाई.

*

आमचे फादर जोसेफ दक्षिनेकडचे. हिंदी बोलतेत. सालेकसाच्या ह्या जंगलपट्टीत आमी ख्रिस्ती घरं बोटावर मोजन्यासारखे. पन पेरनीच्या आंधी फादर बियान्यावर पवित्र पानी शिंपडतेत, त्या दिवसी सारं गाव टोपल्या घेऊन मिशनात.

एका बुडीले मीनं टोकलं, "काव बुडे, तू तर सकाळीच देवीपाशी धान दाखवून आली!"

बुडी म्हने, "आली ना. धान माहं हाय, दहा जनाले दाखवीन. तुह्या बापाचं काय गेलं?"

मी तापलो. फादरनं तिच्याच टोपलीवर सगळ्यात जास्त पानी मारलं. मंग मले म्हने, "सायमन, इसको भगवान की भूख है. भूखे को डाँटते नहीं."

*

माहा राग साऱ्या पट्टीले माहीत. एकडाव वावराच्या धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या, भांडनात मीनं माह्या साळ्याले झोडपलं. पापकबुली केली. फादरनं प्रायश्चित्त देल्लं का जाऊन त्याची माफी माग.

गेलो. साळ्यानं दार उघडाले येळ लावला.

दुसऱ्या ऐतवारी दोन पापं घेऊन उभा!

*

पापकबुलीत आयकलेलं फादर मरेपर्यंत कोनाले सांगत नाई. हे एका शेतकऱ्याले पटे ना. आपली बायको आत जाऊन काय सांगून राहिली, हे त्याले पाह्यजे होतं. त्यानं दोन कोंबड्या मिशनात आनून सोडल्या अन् चार दिवसानं उत्तर मांगाले आला.

फादरनं कोंबड्या वापस केल्या. चार दिवसाचे अंडे बी वापस केले.

*

आता घरचं सांगतो. माहा एकच पोरगा, अमोल. बीए झाला. बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, पान्यावरचं तीन एकर धानाचं वावर हाय. म्हन्लं, आता सून आनू. तं जेवता जेवता हा सांगते का मले फादर बनाचं हाय. म्हंजे लगन नाई, लेकरू नाई, वावर नाई. मीनं ताट फेकलं.

दुसऱ्या दिवसी जीपमंदी फादरले धरलं. "माहा एकुलता एक तुमी पळवून राहिले. काऊन? दुसऱ्याचं पोरगं नाई दिसलं?"

फादर म्हने, "मैंने उसको तीन बार मना किया, सायमन. ये बुलावा मेरा नहीं है."

"मंग कोनाचा हाय? त्याच्यासंग मी बोलतो!"

*

फादर बनाच्या शाळेचा अर्ज आला. बापाच्या सहीची जागा कोरीच राह्यली. माह्या बायकोनं, मार्थानं, आपला आंगठा लावला. फादरनं आपली चिठ्ठी जोडून लिफाफा चिकटवला. आता टपालात टाकाले कोनाच्या हाती द्यावा? माह्याच! मिशनचं सारं टपाल मीच नेतो.

घरी गेलो. चुलीत घातला.

तीन दिवस बरं वाटलं. मंग भेव वाटलं का फादर टपालाची पावती मांगन. डोकं चालवलं. पापकबुलीले गेलो. जाळीच्या पलीकडं फादर, इकडं मी गुडघ्यावर. लिफाफा जाळला, सांगून टाकलं.

फादरनं इचारलं, "पछतावा है?"

"नाई."

"फिर माफी नहीं दे सकता."

"नोका देऊ. पन आता कोनाले सांगता बी येत नाई ना?"

मी उठलो अन् जीप धुवाले गेलो. पावती त्यायनं कदीच मांगतली नाई. मांगूच शकत नोते.

*

महिना गेला. अमोल रोज मिशनात जाऊन इचारे, उत्तर आलं का? फादर म्हने, नाई आलं.

एका ऐतवारी सकाळी जंगलातल्या टोल्यावर, चार घरच्या वस्तीत, मिस्साची उपासना होती. मी जीप चालवून राहिलो, मांग फादर अन् अमोल. अर्ध्या रस्त्यात पोरगा फुटला.

"फादर, खरं सांगा. तुमी अर्ज धाडलाच नाई. तीन डाव तोंडावर नाई म्हन्लं, चौथ्या डाव फसवलं. लबाड हायेत तुमी. अन् लोकाईले खरं बोला म्हनून सांगता!"

मी आरशात पाहून राहिलो. फादर कानापर्यंत लाल. हात मांडीवर. माह्याकडं नजर नाई. असं कोन मले म्हन्लं असतं, तं मीनं त्याले गाडीतून फेकलं असतं. फादर खिडकीतून धानाकडं पाहत बसले.

अमोल थांबे ना. "बोला ना. काऊन नाई बोलत?"

मीनं ब्रेक मारला. मांग वळून पाहाची हिंमत नाई झाली.

"कागद मीनं जाळला. चुलीत. दुसरा लिही, या खेपेले बापाची सही मी करतो."

जीप बंद पडली. मंग अमोल माह्याकडं नाई, फादरकडं वळला.

"फादर, तुमाले हे माहीत होतं?"

फादरनं मनगटावरच्या घडीत पाह्यलं.

"सायमन, गाड़ी चलाओ. मिस्सा को देर हो रही है."