मावशीची नजर

हे मी आजवर कुणापुढंच बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला नाही, लॅबमध्ये रोज माझ्याशेजारी डबा उघडणाऱ्या पोरींना तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते. ओळखत असता तर आजही गप्पच बसले असते — एवढं मी स्वतःला ओळखून आहे.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी वाळूजच्या एका धाग्याच्या कारखान्यात आहे. कापसाचा धागा नव्हे, पॉलिएस्टरचा. आमच्याकडं तो येतो तेव्हा सपाट, गुळगुळीत असतो, हाताला निर्जीव लागतो. मशिनवर तो तापवायचा, जोरात पिळायचा, गार करायचा आणि पीळ परत उलगडायचा. बाहेर येतो तो कुरळा होऊन, फुगून, मऊ होऊन. साड्या, शर्टाचं कापड, शाळेचे गणवेश — तुमच्या अंगावर आत्ता असेलसुद्धा. एका मशिनवर दोनशेच्या वर जागा, आणि दर जागेवर धागा गुंडाळलेली एक बॉबीन. आता यातल्या एखाद्या जागेचा हीटर दोन-तीन अंशांनी कमी तापला, तर धाग्याकडं बघून काही म्हणता काही कळत नाही. पांढरा तो पांढराच. पण त्याचं कापड विणून रंगवलं, की तेवढाच पट्टा वेगळा उठतो. सगळं कापड वाया.

म्हणून आम्ही दर बॉबिनचा थोडा थोडा धागा घेऊन एका लहानशा गोल मशिनवर लांबच लांब मोजा विणतो. दोन बोटं एका बॉबिनची, मग दोन बोटं पुढच्या. तो मोजा निळ्या रंगात उकळायचा, वाळवायचा, फळीवर चढवून दिव्याखाली धरायचा. जो पट्टा फिका किंवा गडद दिसेल, ती बॉबीन बाजूला काढायची.

विणायचं, रंगवायचं, लिहायचं काम माझं होतं. बघायचं काम सुभद्रामावशींचं.

मावशी सोयगावकडच्या. घरात मेंढरं होती, लहानपण सगळं त्यांच्या मागं रानात गेलेलं. नवरा गेल्यावर मुलाला, दत्ताला घेऊन कारखान्याजवळच्या बजाजनगरात आल्या आणि कारखान्यात झाडू मारायला लागल्या. झाडता झाडता एकदा लॅबच्या टेबलावरचा मोजा बघून म्हणाल्या, की हा इथला पट्टा निराळा हाय. तो कुणालाच दिसला नव्हता. मशिनवर जाऊन बघितलं तर त्या जागेचा हीटर खरंच बिघडलेला. त्या दिवसापासून त्यांच्या हातातला झाडू गेला. मी नोकरीला लागले तेव्हा त्या वर्षानुवर्षं मोजे बघत होत्या आणि साहेबलोकसुद्धा शेवटी त्यांनाच विचारायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या नुसते खराब बॉबिनींचे आकडे सांगायच्या, मी वहीत मांडायची.

मला सगळं त्यांनी शिकवलं. डोळे थकले की मोज्याकडं नाही, खिडकीबाहेर बघायचं. एका पट्ट्यावर नजर रोवायची नाही, सगळ्यावरनं हात फिरवल्यासारखी फिरवायची. मला दिसायचं नाही, मी रडकुंडीला यायची, तेव्हा म्हणायच्या की आपल्या मेंढराला दुसऱ्याच्या कळपात बघायचं म्हणल्यावर कसं बघशील, तसं बघ. मी कधी मेंढरं राखली नव्हती. पण हसायची. आपल्या धाग्याला त्या बिनमेंढीची लोकर म्हणायच्या.

तर — मी काय केलं?

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. नोकरीत पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. एका दुपारी मावशी मोजा बघून आकडे सांगत होत्या आणि माझ्या हातात फोन होता. होणाऱ्या सासूबाई बोलत होत्या, मध्येच ठेवता येईना. मावशींनी तीन आकडे सांगितले. मी मानेनंच हो हो केलं. फोन संपला तेव्हा मावशी पुढच्या मोज्याकडं वळल्या होत्या, आणि मी वहीत लिहिलं, सर्व ठीक.

विसरले. माणूस विसरतं. एवढंच असतं तर मी तुम्हाला हे सांगत बसले असते का?

महिन्याभरानं इचलकरंजीच्या कापडवाल्याकडून तक्रार आली. मरून रंगाच्या कापडाचा तुकडा साहेबांच्या टेबलावर, आणि त्यात फिके पट्टे. बातमी लॅबमध्ये सकाळीच पोचली. मी वही काढली. माझंच अक्षर, सर्व ठीक. जुने मोजे आम्ही तारखेप्रमाणं खोक्यात ठेवतो, त्या दिवसाचा मोजाही काढला. तीन पट्टे होते, मलासुद्धा लगेच दिसले. आणि ती दुपार जशीच्या तशी आठवली — मावशींचा आवाज, तीन आकडे, कानाला लावलेला फोन.

मी कात्री घेतली, मोज्याचे तुकडे केले आणि वेस्टच्या पोत्यात खाली दाबले. वर दुसरा कचरा लोटला आणि पुढचा मोजा विणायला घेतला.

साहेबांनी बोलावलं तेव्हा ते चिडलेले नव्हते. हे कसं निसटलं, एवढंच विचारलं. मी म्हणाले, "सर, मावशींची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. मी तुम्हाला बोलणारच होते."

कुणी माझ्या तोंडात घातलेलं वाक्य नव्हतं ते. साहेबांनी मावशींचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते मावशींना मानायचे. म्हणाले, काढायचं नाही कुणाला, पण सध्या पॅकिंगला बसू द्या. डोळे तपासून घ्या, चष्म्यानं भागत असेल तर परत आपल्या जागेवर.

मावशींना हे मीच जाऊन सांगितलं. त्यांनी फळीवरचा मोजा उतरवून त्याची घडी घातली. मग हळूच विचारलं, "वैशू, म्या तीन सांगितले नव्हते का गं तुला?"

मी म्हणाले, "नाही मावशी. तुम्ही सगळं ठीक म्हणालात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे. संशयानं बघितलं असतं तर मी कदाचित तिथंच कोसळले असते. कपाळाला आठ्या घालून आठवत होत्या, आणि आठवताना स्वतःवरच शंका घेत होत्या. "आसंल," म्हणाल्या. "माझंच कायतरी झालं आसंल."

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट सांगून. मलाही वाटतं, इथंच थांबावं. घाबरट पोरगी, नोकरी जायची भीती, एक खोटं, त्याला टेकू म्हणून दुसरं — ऐकणारा म्हणेल, चालायचंच. पण जे सांगायचं आहे ते अजून सांगितलेलं नाही. ते उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातलं आहे.

दत्ताची त्या आठवड्यात दिवसपाळी होती, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मावशींना मी घेऊन गेले. मीच म्हणाले, मी नेते. का म्हणाले असेन? त्यांच्यासोबत दुसरं कुणी जायला नको म्हणून. तपासणी झाली, बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं, परत तपासलं. मावशींना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, या वयाला इतके चांगले डोळे मी फार कमी बघतो. जवळचं बघायला साधा चष्मा, बाकी काही नको. कागदावर तसं लिहून दिलं, इंग्रजीत. रंगांचं विचारलं मी — हो, विचारलं — तर म्हणाले, रंग तर माझ्यापेक्षा चांगले ओळखतात त्या.

आतल्या खुर्चीपासून बाहेरच्या बाकापर्यंत दहा-बारा पावलं असतील. एवढ्या वेळात मी सगळा विचार केला. मावशी जागेवर परत येणार. पहिल्याच मोज्यात त्यांची नजर शाबूत असल्याचं सगळ्यांना दिसणार. मग साहेब विचारणार, त्या दिवशी काय झालं होतं. मग मावशींना तीन आकडे पुन्हा आठवणार. हे सगळं मला अगदी शांतपणे सुचलं. इथं भीती नव्हती. हिशेब होता.

मी त्यांच्याशेजारी बसले, हात हातात घेतला आणि सांगितलं की डोळ्यांची नस कमजोर होत चाललीय. ऑपरेशन नाही, औषध नाही. भाजीभाकरीपुरतं दिसत राहील, पण बारीक रंगाचं काम आता जमायचं नाही.

औषधामुळं त्यांना त्या वेळी सगळं धूसर दिसत होतं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, माझा चेहरा, सगळंच. पापण्यांची उघडझाप करत त्या म्हणाल्या, "व्हय गं. बघ की, तुझं तोंडबी धड दिसंना झालंय."

मी त्यांना सांगू शकले असते, की हे औषधानं झालंय, संध्याकाळपर्यंत जाईल. मी म्हणाले, रिक्षा बघते.

डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली. साहेबांनाही तेच खोटं तोंडी सांगितलं. चष्मा करून दिला, त्यावर त्यांनी मला दुवा दिली.

पुढं काय झालं ते ऐका, कारण मी ते बघितलेलं आहे. पॅकिंगला बसून मावशी बॉबिनींना पिशव्या चढवायच्या. तिथं रंग बघायचा प्रश्नच नव्हता, तरी शेजारच्या पोरीला विचारायच्या, हा डाग हाय का गं, का मलाच दिसतोय? मग जिना उतरताना कठडा धरायला लागल्या. रस्ता ओलांडायला कुणाची तरी वाट बघत उभ्या राहायला लागल्या. तांदूळ निवडणं सोडलं. दत्ताची पोरगी तेव्हा वर्षाची होती, तिला कडेवर घेऊन दारात जाईनात. म्हणायच्या, नजरचुकीनं काय झालं म्हणजे? सहा महिन्यांत त्यांनी आपणहून काम सोडलं आणि सोयगावला भावाच्या घरी गेल्या. दत्ता नको म्हणत होता. मी जाऊ द्या म्हणाले.

त्यांची जागा मला मिळाली. आता लॅब माझ्याकडं आहे. नव्या पोरींना मी शिकवते, की एका पट्ट्यावर नजर रोवायची नाही. त्यांना वाटतं, माझंच ज्ञान आहे.

सोयगावला मी एकदा गेले. चार वर्षांनी, लेकाला घेऊन. मावशींना साडी नेली होती. ओसरीत बसल्या होत्या, वाळलेल्या दिसत होत्या. साडी मांडीवर घेऊन पदर उलगडला, उजेडाकडं धरला — अगदी मोजा धरायच्या तसा — आणि विचारलं, कोणता रंग आणलास? मी म्हणाले, तुम्हीच सांगा. "मला पोपटी दिसतोय," म्हणाल्या, "अन् काठाला दोन पट्टे, एक जरा दबका. पण माझं काय खरं? तू सांग."

काठाला दोन पट्टे होते. एक दबका होता. मी दुकानात घेतली, घडी करून आणली, तोवर मला तो फरक दिसलेला नव्हता.

घरात कुणी नव्हतं. लेकरू अंगणात खेळत होतं. सांगायला सगळी सवड होती. मावशींनी कदाचित माफही केलं असतं, आणि नसतं केलं तरी निदान स्वतःचे डोळे त्यांना परत मिळाले असते. मी म्हणाले, "बरोबर ओळखलंत मावशी, पोपटीच आहे." लहान पोराचं कौतुक करावं, तशा आवाजात म्हणाले. त्या खूश झाल्या. पाच वाजताच्या बसनं मी परत आले.

मागच्या थंडीत मावशी गेल्या. न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत आटोपलं. मी दहाव्याला गेले. दत्तानं मला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी गावात डोळे तपासणीचं शिबिर आलं होतं. आईला जबरदस्तीनं नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, आजी, तुमची नजर एकदम चांगली आहे, कोण म्हणतं दिसत नाही? मावशी त्याच्यावर चिडल्या. घरी येऊन म्हणाल्या, ह्या फुकटच्या डॉक्टरला काय कळतंय.

"म्या लई समजावलं," दत्ता म्हणाला. "पण ऐकायलाच तयार नाय. म्हणली, वैशूनं मोठ्या डॉक्टरकडं नेलं होतं मला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी हाय ती, माझ्याशी खोटं बोलायची नाय."

हे तो माझी स्तुती म्हणून सांगत होता. आईचा तुमच्यावर किती जीव होता बघा ताई, म्हणाला.

मी मान हलवली. चहा संपवला. तेव्हाही सांगितलं नाही.